ताणा, बाणा आणि पाऊल

जयसिंगपूरचा नकाशा एकदा समोर धरून बघावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवलं. ते आधी कागदावर आखलं गेलं आणि मग जमिनीवर उतरलं. म्हणून इथल्या गल्ल्या नदीकाठच्या जुन्या गावांसारख्या वळत-वाकत जात नाहीत. त्या सरळ धावतात, एकमेकींना काटकोनात छेदतात, आणि पत्ता सांगताना माणसं गल्लीचा नंबर सांगतात. उभ्या गल्ल्या, आडव्या गल्ल्या. इथून पाऊण तासावरच्या इचलकरंजीत मागांवर रात्रंदिवस हेच चित्र विणलं जातं. लांबीतले धागे म्हणजे ताणा, त्यांतून धोट्याने आडवा नेलेला तो बाणा.

या लेखाचा विषय आहे तो असंच उभं-आडवं विणलेलं, पण माणसाचं वजन पेलणारं कापड. काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंचं हे कापड राळेत भिजवतात, साच्यावर थरांनी बसवतात, आणि ते कडक झालं की त्याचा कृत्रिम पाय होतो. तो किती मजबूत असतो, कशामुळे मजबूत असतो आणि कुठे मोडतो, हे मला नीट सांगायचं आहे. हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेचा नाही. उसाच्या सरीत, कृष्णेच्या काठावर आणि एसटीच्या पायरीवर रोज कुणीतरी आपलं सगळं वजन त्या पायावर टाकत असतं.

पाय जातो तेव्हा

आपल्या भागात पाय गमावण्याची कारणं आपल्या जगण्यातूनच येतात. मधुमेहात पायाची संवेदना जाते, चप्पल लागून झालेली जखम कळत नाही, ती चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. रात्रीच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते आणि मोटरसायकल तिच्यावर आदळते. हाताचं म्हणाल तर कडबाकुट्टी आणि गुऱ्हाळाचा घाणा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीशी संबंधित अपंगत्व होतं. त्या सगळ्यांनाच कृत्रिम पाय लागत नाही. पण ज्यांना लागतो, त्यांचं काम, कमाई आणि घरातली जागा त्या एका वस्तूवर टिकून असते.

दवाखान्याच्या बाबतीत हा मुलूख तसा नशीबवान. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण मिरजेच्या स्टेशनवर उतरत आले आहेत. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंग माणसाला दया नको, साधन आणि काम हवं, ही गोष्ट त्या संस्थेने या जिल्ह्याला शिकवली. साधनाच्या मजबुतीचा विचार मी त्याच शिकवणीचा पुढचा धडा मानतो.

मातीतलं काड, हाडातला तंतू

आपल्याकडे ‘फायबर’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. फायबरचं दार, फायबरची टाकी, फायबरची मूर्ती. बोलताना आपण फक्त तंतूचं नाव घेतो, पण ती वस्तू दोन पदार्थांची असते. काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. इंजिनिअर याला कॉम्पोझिट म्हणतात, आपण संमिश्र म्हणू.

कल्पना जुनी आहे. भिंतीची माती मळताना तिच्यात काड किंवा भुसा घालायची रीत आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. नुसती माती वाळताना तडकते. काड घातलं की तडा सुरू होतो, काडापाशी येतो आणि तिथे अडतो. नुसत्या काडाचीही भिंत उभी राहत नाही. माती काडाला जागेवर धरते, काड मातीला फुटू देत नाही. संमिश्राचं सगळं शास्त्र या एका देवाणघेवाणीत आहे.

माणसाचं हाडही संमिश्रच. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट तंतू आणि त्यांच्याभोवती कॅल्शियम-फॉस्फेटचे कठीण कण. नुसतं कोलॅजेन कातड्यासारखं लवेल, नुसतं खनिज खडूसारखं तुटेल. दोन्ही मिळून जे होतं ते सत्तर-ऐंशी वर्षं चालतं, आणि वाटेत झालेले बारीक तडे आपले आपण भरतं. कृत्रिम पायाची कल्पनाही जुनीच. अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूची जंघा दिल्याचा उल्लेख ऋग्वेदात आहे. माणसाने कृत्रिम पायासाठी लाकूड, लोखंड, चामडं, ॲल्युमिनियम असं सगळं वापरून पाहिलं आणि अखेर तो तंतू आणि राळेकडे आला. म्हणजे हाडाच्या रचनेकडेच आला.

दीडशे किलो आणि पाच किलो

आता आकड्यांकडे येऊ. कार्बनचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचा असतो, माणसाच्या केसाच्या एक दशांशाच्या आसपास. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पट, तर पोलादाची जवळजवळ आठ पट. असे हजारो तंतू एकाच दिशेला लावून इपॉक्सी राळेत बसवले आणि त्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची पट्टी तंतूंच्या दिशेने ओढली, तर ती सुमारे दीडशे किलो वजन तोलते. बांधकामातल्या साध्या पोलादाची तेवढीच पट्टी चाळीसेक किलोला तुटते, आणि तिचं वजन कार्बनच्या पट्टीच्या पाचपट असतं.

इथपर्यंतचं जाहिरातीत छापून येतं. पुढचं येत नाही. तीच कार्बनची पट्टी आडवी, म्हणजे तंतूंना काटकोनात ओढली, तर ती चार-पाच किलोतच फाटते. उभ्या दिशेने दीडशे, आडव्या दिशेने पाच. आडवं ओढताना तंतू कामालाच येत नाहीत, सगळा भार राळेवर आणि राळ-तंतूच्या चिकटपणावर पडतो. लाकूड फोडणारा माणूस हे हाताने ओळखतो. रेषेच्या दिशेने घाव घातला की ओंडका सहज उकलतो.

त्यामुळे ‘कार्बन फायबरची मजबुती किती?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कुठल्या दिशेला?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. इथेच विणकरी उपयोगाला येते. एक थर उभा, एक आडवा, एक पंचेचाळीस अंशांत तिरका, असे थर रचून जिथे जेवढा भार तिथे तेवढे तंतू द्यायचे. निम्मे तंतू उभे आणि निम्मे आडवे ठेवले, तर त्या फळीचा ताठपणा जवळपास ॲल्युमिनियमइतका भरतो, आणि वजन ॲल्युमिनियमच्या साठ टक्के. पायाला चालताना फक्त दाब सोसावा लागत नाही. वळताना पीळ बसतो, चढावर वाक येतो, बांधावरून उतरताना कडेचा धक्का बसतो. तिरके थर त्या पिळासाठी असतात. ते वाचवले तर पाय सरळ रस्त्यावर टिकेल आणि शेतात दगा देईल.

तंतूंच्या जाती निवडण्यालाही हिशेब आहे. काच स्वस्त आणि ओढायला दणकट, पण कार्बनच्या एक तृतीयांशही ताठ नाही आणि वजनाला जास्त. अरॅमिड धागा चिवट, धक्का खातो, एकदम फुटून तुकडे होऊ देत नाही, मात्र दाबाखाली लवकर हार मानतो. कार्बन ताठ आणि हलका, पण मोडायच्या आधी फारसा वाकून दाखवत नाही. जाणता कारागीर एकाच पायात या तिघांना त्यांच्या त्यांच्या जागी बसवतो.

कार्बनच्या धाग्याचं मूळही कापडाशी जुळलेलं आहे. एडिसनने १८७९ मध्ये आपल्या दिव्यात जी तार पेटवली, ती सुती दोरा हवेविना भाजून केलेल्या कार्बनची होती. पुढे १९६० च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकच्या धाग्यापासून, म्हणजे स्वेटर विणतात त्याच जातीच्या धाग्यापासून, उपयोगी कार्बन तंतू तयार केला. आजही बहुतेक कार्बन तंतू त्याच कुळातल्या धाग्याला आधी दोन-तीनशे अंशांवर भाजून आणि मग हजार अंशांच्या वर तापवून मिळतात.

पुणे, जयपूर, हैदराबाद

दुसऱ्या महायुद्धात पाय गमावून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. देशातल्या या कामाचा पाया तिथे घातला गेला. १९५५ मध्ये मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. त्या काळातला पाय मुख्यतः लाकूड, चामडं आणि धातूचा. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या आघाडीवर सुरुंगाने चिरडलेला आपला पाय स्वतःच्या खुकरीने तोडणारे गोरखा पलटणीचे इयान कार्डोझो पुढे लाकडी पाय लावून चालले, आणि त्या पायावर त्यांनी पलटणीचं नेतृत्व केलं. माणूस जिद्दीने लाकडी पायावरही चालतो, हे खरं. पण जिद्द आहे म्हणून त्याने जड पाय ओढावा, असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

१९६८ च्या सुमाराला जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात एक वेगळी गोष्ट घडत होती. रामचंद्र शर्मा नावाचे, फारसं शालेय शिक्षण नसलेले एक कसबी कारागीर आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून भारतीय पायाला साजेसं पाऊल घडवलं. परदेशी पाऊल बुटात घालायला केलेलं होतं. त्याने उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चालता येत नसे. जयपूर फूटमध्ये टाचेला आणि चवड्याला मऊ स्पंज रबर, घोट्याला लाकडाचा ठोकळा आणि या सगळ्याला बांधणारे टायर-कॉर्डचे थर. टायर-कॉर्ड म्हणजे रबरात बसवलेले मजबूत धागे, ट्रकच्या टायरला फुटू न देणारे. मग हे सगळं साच्यात घालून उष्णतेने पक्कं करायचं.

म्हणजे आपण ज्याला ‘रबराचा पाय’ म्हणतो, तोही तंतूंनी बांधलेला संमिश्र पायच आहे. पाऊल दर वेळी वाकतं तेव्हा नुसतं रबर काही महिन्यांत चिरलं असतं. तो ताण धागे घेतात, म्हणून ते टिकतं. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल देशभर आणि देशाबाहेर नेलं. डॉ. सेठींना १९८१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या शिबिरांमधून ‘जयपूर फूट’ हे नाव इतकं रुळलं, की अनेकांना कृत्रिम पायासाठी दुसरा शब्दच माहीत नाही.

हैदराबादची गोष्ट पोलिओच्या मुलांची आहे. निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळी लहान मुलं तीन किलोहून जड धातूचे कॅलिपर ओढत चालत होती. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्नी क्षेपणास्त्राच्या कामात वापरलेल्या हलक्या संमिश्र पदार्थाचे सुमारे तीनशे ग्रॅमचे आधार बनवले. आपल्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांमध्ये कलाम या कामाची गणना करत.

वजन का महत्त्वाचं, हे समजून घेऊ. आपला गुडघ्याखालचा पाय शरीराच्या वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास असतो. साठ किलोच्या माणसाचा साडेतीन किलोहून थोडा जास्त. कृत्रिम पाय याहून हलका असूनही जड वाटतो, कारण त्याला उचलणारे स्वतःचे स्नायू नसतात. तो उरलेल्या पायाला टांगलेला असतो, आणि हिसका बसतो तो कातडीला. टोकाला वाचवलेल्या शंभर ग्रॅमची किंमत संध्याकाळी थकलेल्या मांडीला कळते.

ट्रॉलीचा पाटा आणि कार्बनचं पाऊल

अमेरिकेतल्या व्हॅन फिलिप्स या तरुणाने १९७६ मध्ये पाण्यावरच्या अपघातात गुडघ्याखालचा पाय गमावला. मिळालेल्या कृत्रिम पायावर तो समाधानी नव्हता. युटा विद्यापीठात विमानांसाठी संमिश्रं बनवणाऱ्या एका इंजिनिअरच्या मदतीने त्याने कार्बनच्या पट्टीचं पाऊल तयार केलं आणि १९८४ मध्ये फ्लेक्स-फूट ही कंपनी काढली. पॅरालिम्पिकच्या धावपटूंच्या पायांना दिसणारी ती वक्र पाती याच कल्पनेतून आली.

ती पाती कशी काम करते हे समजायला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकावरचे पाटे बघावेत. खड्ड्यात चाक गेलं की पाटा वाकतो, झटका स्वतःत साठवतो आणि उलटून सोडतो. कार्बनचं पाऊल तेच करतं. टाच टेकली की मागची पट्टी वाकते, शरीर पुढे सरकलं की चवड्याकडची वाकते, आणि पाऊल उचलताना साठवलेली शक्ती माणसाला पुढे ढकलते. खऱ्या घोट्याला स्नायूंची भर असते. या पट्टीला जेवढं दिलं त्याहून अधिक परत करता येत नाही. तरीही सगळा धक्का गिळून टाकणाऱ्या जुन्या पावलाच्या तुलनेत चालणाऱ्याचे श्रम कमी होतात.

मात्र पाट्याचा नियम इथेही लागू आहे. वाकताना पट्टीची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. कार्बनचे तंतू ताणाला जेवढे बळकट, तेवढे दाबाला नसतात. दाबाखाली ते राळेच्या आत सूक्ष्म वाकतात आणि एका जागी दुमडतात. त्यामुळे पट्टीची जाडी माणसाच्या वजनाप्रमाणे आणि कामाप्रमाणे ठरवावी लागते. ऐंशी किलोच्या माणसाने पन्नास किलोसाठी केलेलं पाऊल घातलं तर ते मोडेल. पन्नास किलोच्या बाईने शंभर किलोचं घातलं तर ते वाकणारच नाही, आणि धक्का थेट तिच्या गुडघ्यावर येईल. अति मजबूत पायही चुकीचाच पाय आहे.

जुलै २०२५ मध्ये डीआरडीओची हैदराबादची प्रयोगशाळा आणि बीबीनगरचं एम्स यांनी मिळून विकसित केलेलं कार्बनचं स्वदेशी पाऊल जाहीर झालं. १२५ किलोपर्यंतच्या भारासाठी त्याची चाचणी झाल्याचं आणि वेगवेगळ्या वजनांच्या माणसांसाठी त्याचे तीन प्रकार असल्याचं त्या वेळी सांगण्यात आलं. बनवण्याचा खर्च वीस हजार रुपयांच्या आत असल्याचं सांगितलं गेलं, तर तशाच आयात पावलाची किंमत तेव्हा दोन लाखांच्या घरात होती. हा फरक एका कुटुंबाच्या दृष्टीने जमीन विकावी लागणं आणि न लागणं एवढा मोठा आहे.

तीस लाख पावलं

पाय मजबूत आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी आयएसओ १०३२८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. माणसाच्या वजनाप्रमाणे त्यात पातळ्या आहेत. साठ, ऐंशी आणि शंभर किलोच्या पातळ्या जुन्या, त्यावरच्या पुढे आल्या. शंभर किलोच्या पातळीवर टाच टेकण्याच्या स्थितीत पायावर २२४० न्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोहून थोडा जास्त भार देऊन तो धरून ठेवतात. पायाला काही होता कामा नये.

मोडेपर्यंतच्या चाचणीत या मानकाचं शहाणपण दिसतं. वाकून, इशारा देऊन निकामी होणाऱ्या पायाने ३३६० न्यूटन पेलले तरी चालतात. पण इशारा न देता काडकन तुटणारा पाय असेल, तर त्याने ४४८० न्यूटन पेललेच पाहिजेत. जो सांगून मोडत नाही, त्याच्याकडून जास्त मागायचं. रस्ता ओलांडताना अचानक पाय तुटलेल्या माणसाची जाण ठेवून हा नियम लिहिलेला आहे.

तिसरी चाचणी थकव्याची, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच. पायावर भार द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. असं तीस लाख वेळा. सेकंदाला एक याप्रमाणे यंत्र न थांबता चाललं, तर पस्तीस दिवस लागतात. रोज सहा हजार पावलं चालणाऱ्या माणसाच्या एका पायाच्या वाट्याला तीन हजार येतात. म्हणजे तीस लाख पावलं ही त्याची पावणेतीन वर्षं. फक्त घोटा आणि पाऊल तपासणाऱ्या आयएसओ २२६७५ या मानकात वीस लाख फेरे आहेत. एकदा दिलेल्या मोठ्या भाराने न मोडणारी वस्तू छोट्या भाराच्या लाखो फेऱ्यांनी मोडते. वायर तोडायला आपण ती ओढत बसत नाही, मागेपुढे वाकवतो.

मोडतो कुठे

संमिश्र पाय धातूसारखा मोडत नाही. धातूत एक चीर पडते आणि वाढत जाते. संमिश्रात आधी राळेत बारीक भेगा पडतात, मग दोन थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि शेवटी तंतू तुटतात. थर सुटणं बाहेरून दिसतही नाही. आतून दोन वेगळे झालेले थर वरून चकचकीत राहतात. चालताना येणारा बारीक टक-टक आवाज ही बहुतेक वेळा पहिली खूण असते. तिथे बोटाने किंवा नाण्याने ठोकून पाहिलं तर घट्ट जागी खणखणीत आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. मडकं घेताना आपण जे करतो तेच.

सर्वात नाजूक जागा म्हणजे जोड. पट्टीला बोल्टसाठी भोक पाडलं की तिथले तंतू कापले जातात आणि भोकाच्या कडेला ताण एकवटतो. म्हणून भोक कुठे, किती आणि कडेपासून किती लांब, हे आधी ठरवून थर रचावे लागतात. दुसरी जागा म्हणजे सॉकेट, उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. त्यासाठी आधी उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्यात प्लास्टर ओतून प्रतिकृती काढतात. कानशीने घासून ती दुरुस्त करतात, म्हणजे जिथे भार चालतो तिथे घट्ट आणि जिथे हाड टोचतं तिथे सैल. मग तिच्यावर विणलेल्या मोज्यासारखे नायलॉन, काच आणि कार्बनचे थर चढवून, वर पिशवी घालून, हवा खेचत राळ मुरवतात. यात हवेचे बुडबुडे राहिले तर ते चालणाऱ्याला भोवतात. साधारण हिशेबाने आतली पोकळी एक टक्क्याने वाढली की थरांमधली पकड सात टक्क्यांच्या आसपास घटते.

सॉकेटची गोची अशी, की तो एकाच माणसासाठी एकच बनतो. कारखान्यातलं पाऊल शंभरांतून एक मोडून तपासता येतं. सॉकेट मोडून तपासला तर त्या माणसाने घालायचं काय? त्यामुळे सॉकेटची मजबुती कारागिराच्या हातावर, राळेच्या मापावर आणि त्या दिवशीच्या काळजीवर उभी असते. कारागिराचं प्रशिक्षण हा मजबुतीचाच भाग आहे, आणि आपण तो खर्चाच्या यादीत सर्वात शेवटी लिहितो.

शिरोळ तालुक्याची परीक्षा

प्रयोगशाळेची जमीन सपाट आणि कोरडी असते. जयसिंगपूर ज्या शिरोळ तालुक्यात येतं, तिथली तशी नसते. इथली काळी माती पावसात पायाला चिकटते आणि ओढते. ओढताना पायावर जो भार येतो तो खाली दाबणारा नसतो, वर उपसणारा असतो. उसाच्या सरीतून चालताना पाऊल दर वेळी कडेला कलतं. राळ काही प्रमाणात पाणी शोषते आणि मऊ होते. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून तो ओल्या जागी ॲल्युमिनियमला थेट टेकला तर ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. मध्ये काचेचा एक थर दिला की हे टळतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली होता. ज्या माणसाला त्या पाण्यातून घर सोडावं लागतं, त्याचा पाय ‘ओला करू नका’ असं सांगणारा असून कसा चालेल?

आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक कार्बनची पावलं ठरावीक उंचीच्या टाचेचा बूट गृहीत धरून जुळवलेली असतात. आपला माणूस कोल्हापुरी घालतो, तिची टाच जवळपास सपाट. नृसिंहवाडीला दर्शनाला गेला की तो अनवाणी होतो. टाचेच्या उंचीत एक सेंटिमीटरचा फरक पडला तरी पायाचा तोल बदलतो, माणूस मागे ढकलल्यासारखा चालतो आणि चवड्यावरचा भार वाढतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या चपलेवर चालणारं कृत्रिम पाऊल जुळवणं हेही याच मातीचं काम आहे.

ताग, अंबाडी, बांबू यांच्या तंतूंचे सॉकेट करण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. हे तंतू काचेपेक्षा हलके, कापताना कारागिराच्या छातीत काचेची धूळ जात नाही, आणि ते आपल्या शेतात पिकतात. पण ते पाणी पितात आणि फुगतात. नीट सुकवणं, प्रक्रिया करणं आणि बाहेरून काचेचा थर देणं, एवढं केल्याशिवाय त्यांच्यावर माणसाचं वजन टाकू नये. ‘नैसर्गिक’ हा शब्द मजबुतीची हमी देत नाही. हमी फक्त चाचणी देते.

इथे काय करता येईल

या कामाला लागणारे हात आपल्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या परिघात आहेत. इचलकरंजीत धाग्याचा ताण बोटांनी ओळखणारी माणसं आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत साचे, ओतकाम आणि अचूक यंत्रकाम पिढ्यांपासून चालतं. मिरजेत भोपळ्यापासून सतार घडवणारे कारागीर आहेत. पातळ कवच किती घासायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. आणि जयसिंगपुरात १९९२ पासून डॉ. जे. जे. मगदूम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत सळया ओढून तोडणारं यूटीएम यंत्र असतंच. स्थिर भाराची चाचणी त्यावर होऊ शकते. कमी आहे ती थकव्याच्या चाचणीची, आणि ते यंत्र अप्राप्य नाही. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर, भार मोजणारा सेल, फेरे मोजणारा काउंटर आणि एक दणकट चौकट. शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना झेपेल असा हा प्रकल्प आहे. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याला मिळणार नाही, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचाच राहील. पण शिबिरात वाटलेलं पाऊल आणि तालुक्यात बनलेला जोड तीस लाख फेऱ्यांत कुठे मोडतो हे डोळ्यांनी दिसेल, आणि दिसलं की सुधारता येईल. त्याच्या शेजारी दुरुस्तीचं एक छोटं टेबल असावं. आज पट्टा तुटला किंवा बोल्ट सैल झाला तरी माणसाला एक दिवसाची मजुरी बुडवून मोठ्या शहराची गाडी धरावी लागते. तो जात नाही, तारेने बांधून चालवतो, आणि एक दिवस पडतो.

शिबिरं भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. किती पाय वाटले हा आकडा फलकावर लावता, तसा एक वर्षाने त्यांतले किती पाय वापरात होते हाही लावा. दुसरा आकडा पहिल्याहून खरा असेल आणि पुढच्या शिबिरात काय बदलायचं ते तोच सांगेल.

आणि जो वाचक स्वतः कृत्रिम पाय लावून चालतो, किंवा ज्याच्या घरात असं कुणी आहे, त्याला एवढंच सांगतो. चालताना नवा आवाज आला तर तो सवयीचा होऊ देऊ नका. दर महिन्याला पाय उजेडात धरून बघा. बोल्टच्या भोकाभोवती पांढरट रेघ, सॉकेटच्या काठाला सुटलेला थर, पावलाच्या चवड्याजवळची चीर, यांपैकी काही दिसलं तर त्या पायावर वजन टाकू नका, तो दाखवून आणा. चिखलातून आल्यावर तो धुऊन, पुसून, सावलीत वाळवा. तुमचं वजन वाढलं असेल, कामाचा प्रकार बदलला असेल, तर ते सांगा, कारण त्या पायातले तंतू तुमच्या जुन्या वजनासाठी रचलेले आहेत. वर्षातून एकदा तो तपासून घ्या. तपासणीला एक दिवस जातो. पडल्यावर महिने जातात.